भ्या वाटायलंय, देवा

सर्वांना सलाम.

पाळकसाहेबांनी 'ख्रिस्ती विश्वास आणि धैर्य' हा विषय दिला, तेव्हा मी यहोशवाचं पुस्तक उघडून बसले. खंबीर हो, हिंमत धर, घाबरू नको, कचरू नको. संडे स्कूलमध्ये हे वचन पाठ म्हणून दाखवून आपण सगळ्यांनीच बक्षिसाची पेन्सिल घेतलेली आहे. पण तयारी चालू असतानाच आमच्या घरात एक प्रश्न आला आणि तो काही केल्या डोक्यातून जाईना.

गेल्या महिन्यात ह्यांची नोकरी गेली. इथला व्हिसा नोकरीला बांधलेला, दुसरी लागली नाही तर गावी परत; पुढचं तुम्हाला सांगायला नको. लेकरांना कळू नये म्हणून आम्ही रात्री स्वयंपाकघराचं दार लावून बोलायचो. एका रात्री दोघांचेही आवाज चढले. सकाळी नऊ वर्षांचा धाकटा दूध पिता पिता म्हणाला, "आई, येशू आपल्याबरोबर आहे ना? मग तुम्ही दार लावून का बोलता?"

नोकरीबद्दल त्यानं एक शब्दही काढला नाही. विचारलं ते दाराबद्दल.

मला लातूरची आजी आठवली. ती मिशनची बायबलबाई. पिशवीत शुभवर्तमानं घालून खेडोपाडी पायी हिंडलेली. ३० सप्टेंबर १९९३ ची ती भूकंपाची पहाट इथं कुणाला समजावून सांगायची गरज नाही. आदल्या दिवशी विसर्जन झालेलं, आणि चार वाजायच्या आत किल्लारी, सास्तूर होत्याचं नव्हतं झालं. दगडमातीच्या भिंती आणि वर माळवदाची टनभर माती. माणसं झोपेतच गाडली गेली. आमचं घर उभं राहिलं, पण मागच्या भिंतीला हात जाईल एवढी चीर पडली. सगळी गल्ली रस्त्यावर झोपू लागली. देशपांडे, शेख, कांबळे, आम्ही, सगळ्यांच्या सतरंज्या एकाला एक लागून. मग पाऊस लागला. धाकटा भाऊ तापानं फणफणला, आणि गोधड्या घरात.

आत जायला कुणी तयार होईना. आजी उठली. मी तिच्या पदराला धरून होते, तिचे हात कापत होते हे मला कळत होतं. उंबऱ्यात उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "देवा, मला भ्या वाटायलंय. पर लेकरू गारठायलंय. तू म्होरं हो, मी मागनं येते." आणि गेली. गोधड्या घेऊन बाहेर आली तेव्हाही कापतच होती.

धैर्य म्हटलं की मला हेच दिसतं. भीती गेली नव्हती. तिनं ती देवापुढं मांडली, आणि गल्लीपुढंही.

गेथशेमाने बागेत प्रभूनंही हेच केलं. पेत्र, याकोब, योहान यांना बरोबर घेतलं, आपला जीव मरणाएवढा खिन्न झालाय हे त्यांना सांगितलं, 'इथं थांबा, जागे राहा' अशी विनवणी केली. देवाचा पुत्र, आणि त्यालाही त्या रात्री सोबत हवी होती! मग पालथं पडून त्यानं बापाजवळ तो प्याला दूर करायला सांगितलं. हे सगळं झाल्यावर तो उठला आणि धरायला येणाऱ्यांना सामोरा गेला.

जालन्याजवळचं बेथेल हे ख्रिस्ती गाव तुमच्यापैकी काहींचं आजोळ. ते वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झाले. त्यांच्या लहान भावाला, श्रीपतला, कोर्टानं घरच्यांच्या ताब्यात दिलं आणि त्याला जातीत परत घ्यावं की नाही यावरून केवढं वादळ उठलं. घर, जात, भाऊ, सगळं पणाला लागलेल्या त्या तरुणाला रात्री झोप कशी लागली असेल? तोच माणूस पुढे निजामाच्या मुलुखात आला आणि ज्यांना गावाच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं, त्यांच्यात घर करून राहिला. आपण त्या लोकांची नातवंडं-पतवंडं आहोत.

आता थोडं बोलते, राग मानू नका. या मंडळात आपण साक्ष देतो ती घर घेतल्यावर, सिटिझनशिप मिळाल्यावर. संकट टळल्यावर स्तुती, संकट चालू असताना मात्र "सगळं मजेत!" प्रार्थनेच्या विनंत्या मागितल्या की आपण गावाकडच्या मावशीचे गुडघे सांगतो. स्वतःचं कुणी सांगत नाही, कारण लोक काय म्हणतील. आणि खरंच, लोक म्हणतातही. गेथशेमानेतले ते तिघं शिष्य निदान दमून झोपले होते.

लेकरांवर सगळा भार टाकावा असं मी म्हणत नाही. बँकेतले आकडे त्यांना कशाला? पण आपण कशाला भितो आणि ते कुणापुढं नेतो, एवढं त्यांनी पाहायला हवं. परवाच्या कुटुंब-प्रार्थनेत ह्यांनी पहिल्यांदा नोकरीचं नाव घेऊन प्रार्थना केली. आवाज दाटला, थांबले, पुन्हा सुरू केलं. संपल्यावर धाकटा म्हणाला, "आता मी." त्याला लातूरच्या शाळेत जावं लागेल आणि त्याला मराठी नीट वाचता येत नाही, म्हणून मुलं हसतील, याची भीती होती. हे तो किती दिवस पोटात धरून होता, देव जाणे.

नोकरी अजून लागलेली नाही. तुम्ही प्रार्थना करा, आमचं नाव घेऊन करा.

पण आज माझा जीव लागलाय तो दुसरीकडेच. ईस्टरला या हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसणारी दोन कुटुंबं त्यानंतर आलेली नाहीत. मी फोन केले, उचलत नाहीत. नाताळची निमंत्रणं गेली, उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणी त्यांच्याकडे जाऊन आलंय का?