पोरं जमली, आता मोठं माणूस हवं

[दृश्य: शाळेचं मैदान, शनिवारची दुपार. बांबूंचा आवाज, मुलींचा गलका.]

सहा मुली, तीन बांबू आणि सुतळीचा एक गुंडा. तिकाटणं उभं करायचंय आणि त्यावर घागर पेलली पाहिजे. पहिल्या खेपेला सगळंच पसरलं. दुसऱ्या खेपेला घागर कलंडली. संघनायिका, वय वर्षं बारा, आता बाकीच्यांना बजावतेय की सुतळी नुसती गुंडाळून भागणार नाही, मधून आडवे फेरे घेऊन आवळली पाहिजे.

कडुनिंबाखाली खुर्चीवर बसलेल्या बाईंकडे पाहा. त्या या पथकाच्या गाईड कॅप्टन, म्हणजे मुलींचं पथक सांभाळणाऱ्या बाई. तिकाटणं दोनदा कोसळलं, तरी त्या जागच्या हलल्या नाहीत. घागर रिकामी आहे आणि बांबूंची टोकं घासलेली आहेत, हे त्यांनी मुली यायच्या आधीच पाहून ठेवलंय. बाकीचं मुलींनी मुलींचं निस्तरायचं.

ही फिल्म स्काऊट-गाईडची पथकं सांभाळणाऱ्या अशा मोठ्या माणसांबद्दल आहे. ती मिळवायची कशी आणि मिळाल्यावर टिकवायची कशी, याबद्दल आहे.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं.]

१९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश सेनाधिकारी बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राऊन्सी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर घेतलं. तिथून स्काऊट चळवळ सुरू झाली, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पुढच्या वर्षी जे घडलं ते फारसं सांगितलं जात नाही. १९०८ च्या जानेवारीपासून त्यांचं ‘स्काऊटिंग फॉर बॉईज’ हे पुस्तक दर पंधरवड्याला एक भाग असं येऊ लागलं. मुलांनी ते भाग विकत घेतले, गल्लीगल्लीत आपापले संघ केले, हातात काठ्या घेतल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला एक मोठं माणूस लागणार. मग ती मुलंच शिक्षकांकडे, धर्मगुरूंकडे, ओळखीच्या तरुणांकडे गेली: आमचे स्काऊटमास्टर व्हाल का?

म्हणजे मुलं आधी जमली आणि प्रौढ मागून आले. तेही कुणीतरी दारात उभं राहून विचारलं म्हणून आले.

१९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला स्काऊटांचा मोठा मेळावा झाला. तिथे मुलीही येऊन उभ्या राहिल्या, आम्हीही स्काऊट म्हणत. पुढच्याच वर्षी गर्ल गाईड्स सुरू झाल्या. मग पहिलं महायुद्ध आलं आणि कितीतरी तरुण स्काऊटमास्टर आघाडीवर गेले. त्याच काळात, १९१६ मध्ये, लहान मुलांसाठी कब विभाग निघाला आणि त्यातली बरीच पथकं बायकांनी सांभाळली. ज्यांना तोवर कुणी विचारलंच नव्हतं, त्यांनी ते काम उचललं.

[दृश्य: भारताचा नकाशा. बंगळुरू, मद्रास, अलाहाबाद, नागपूर.]

भारतात पहिलं पथक १९०९ मध्ये बंगळुरूला निघालं. पण त्या सुरुवातीच्या पथकांत भारतीय मुलांना प्रवेश नव्हता. तेव्हा इथल्या मोठ्या माणसांनी आपली पथकं काढली. मद्रासकडे ॲनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल, अलाहाबादेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी. आपल्या नागपुरात विवियन बोस. बोस पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, पण नागपुरात वकिली चालू असताना त्यांनी वर्षानुवर्षं स्काऊटचं काम अंगावर घेतलं होतं. ‘आमच्याकडे वेळच नसतो’ असं आज ऐकलं की मला हे नाव आठवतं. भरलेल्या कोर्टातून वेळ काढणारी माणसं या कामाला मिळालेली आहेत.

पुढे ७ नोव्हेंबर १९५० ला वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स झाली, आणि १५ ऑगस्ट १९५१ ला गाईड्सही तिच्यात आल्या.

[दृश्य: शाळेचा व्हरांडा. कुलूप लावलेली खोली. जाळीतून दिसणारे काठ्यांचे भारे.]

आज महाराष्ट्रात स्काऊट-गाईड म्हटलं की शाळा आठवते. खरी कमाईच्या दिवशी भेळेची गाडी लावणारी मुलं, बिनभांड्यांचा स्वयंपाक, रात्रीची शेकोटी. पथक शाळेचं आणि ते चालवणारे बहुधा एकच शिक्षक किंवा एकच बाई. शाळेमुळे पथकाला मैदान मिळतं, मुलं मिळतात. आणि शाळेमुळेच त्याचा जीव एका माणसात अडकतो. त्या शिक्षकांना वर्ग आहे, निकाल आहे, निवडणुकीची कामं आहेत, सर्वेक्षणं आहेत. एक दिवस बदलीचा आदेश येतो. मुलं तिथेच असतात, तंबू तिथेच असतात, पथक मात्र बंद पडतं. तृतीय सोपानापर्यंत, म्हणजे गाईडच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पोचलेल्या मुलीचा राज्य पुरस्कार राहून जातो, कारण तिला पुढे नेणारं कुणी उरत नाही.

यात त्या शिक्षकांचा काही दोष नाही. पथकाच्या मागे दुसरं, तिसरं माणूस उभं करायला कुणी निघालंच नाही, हे खरं दुखणं.

आणि हे फक्त आपलंच नाही. ब्रिटनमध्ये, जिथे हे सुरू झालं तिथे, आज एक लाखाहून अधिक मुलं स्काऊटमध्ये यायला रांगेत आहेत. त्यांना घ्यायला प्रौढ स्वयंसेवक कमी पडतात. तिथे २०२१ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी ‘स्क्विरल्स’ हा नवा विभाग निघाला, तेव्हा पालकांना सांगितलं गेलं: फक्त चार आठवडे येऊन बघा. आयुष्यभराचं वचन कुणी मागितलं नाही.

[दृश्य: सोसायटीचं आवार. बाकावर बोलत बसलेली माणसं.]

आपल्याकडे कसं मागतो आपण? व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर निरोप जातो: ‘स्वयंसेवकांची आवश्यकता आहे, इच्छुकांनी संपर्क साधावा.’ पंधरा अंगठे येतात, माणूस एकही येत नाही. प्रत्येकाला वाटतं, हे दुसऱ्या कुणासाठी असेल.

पण तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त परिचारिकेला घरी जाऊन सांगितलं, ‘मावशी, येत्या तीन शनिवारी मुलांना पट्टी बांधायला शिकवाल का? साडेचार ते साडेपाच, प्रथमोपचाराची पेटी आम्ही आणतो’, तर त्यांना नेमकं कळतं की काम कोणतं, किती वेळ आणि आपल्यालाच का विचारलं. सुताराला गाठी आणि बांधण्या दाखवायला बोलवा. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांना पथकाचे हिशेब द्या, त्यांना मैदानावर यायचीही गरज नाही. आणि जे स्वतः पूर्वी स्काऊट-गाईड होते त्यांना शोधा. आता कॉलेजात असतील, नोकरीला लागले असतील. स्कार्फ कसा गुंडाळायचा हे त्यांचे हात अजून विसरलेले नसतात.

बहुतेक जण म्हणतात, ‘मला यातलं काही येत नाही.’ खरं तर पहिल्या दिवशी काही यावंच लागत नाही. संघपद्धतीत सहा ते आठ मुलांचा एक संघ असतो, त्याचा नायक असतो, आणि गाठ नायकच शिकवतो. मोठ्या माणसाने जवळ असायचं, धोका ओळखायचा आणि उरलेला वेळ हात मागे बांधून उभं राहायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे. शिकायची इच्छा झाली तर पुढे बेसिक कोर्स आहे, ॲडव्हान्स कोर्स आहे, हिमालय वुड बॅज हा प्रौढांच्या प्रशिक्षणाचा बिल्ला आहे, पचमढीचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. वुड बॅजचे ते दोन लाकडी मणी १९१९ पासून, लंडनजवळच्या गिलवेल पार्कमधल्या पहिल्या वर्गापासून चालत आले आहेत. पण पहिल्या भेटीतच कोर्सची यादी पुढे ठेवली की माणूस बिचकतो. आधी त्याला मुलांबरोबर दोन शनिवार घालवू द्या.

बायकांबद्दल थोडं जास्त बोललं पाहिजे. मुलींचं मुक्कामी शिबिर बाईमाणसाशिवाय होत नाही, आणि होऊही नये. गाईड कॅप्टन मिळाली नाही तर मुली घरी राहतात, इतकं ते सरळ आहे. मग ज्या बाईला आपण विचारतो, तिच्या घरी शनिवारी संध्याकाळचा स्वयंपाक कोण करणार, हेही विचारायला हवं. नवऱ्याने, सासूबाईंनी, मोठ्या मुलाने ते दोन तास उचलले तर पथकाला एक कॅप्टन मिळते. ही घरातली वाटणी झाल्याशिवाय कितीही आवाहनं केली तरी बायका येणार नाहीत.

[दृश्य: एका टेबलावर अर्ज, ओळखपत्रं. चेहरे दिसत नाहीत.]

माणसं कमी आहेत म्हणून येईल त्याला घ्यायचं, असं मात्र कधीही नाही. मुलांच्या कामात येणाऱ्या प्रत्येकाची चौकशी व्हायला हवी. तो आधी कुठे होता, त्याला ओळखणारी दोन माणसं काय सांगतात, पोलिसांकडची चारित्र्य पडताळणी झाली का. मैदानावर कमीत कमी दोन प्रौढ. तंबूत, खोलीत, गाडीत एका प्रौढाने एका मुलाबरोबर एकटं राहायचं नाही, मग तो कितीही जुना, कितीही आदरणीय असो. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पोक्सो कायदा काय सांगतो, हे पहिल्याच बैठकीत सगळ्यांना समजावून द्यायचं. भल्या माणसाला या नियमांचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याला नम्रपणे निरोप द्यावा.

[दृश्य: पुणे. ‘संगम’चं आवार.]

पुण्यात ‘संगम’ आहे. जगभरच्या गाईड्सच्या पाच विश्व केंद्रांपैकी हे एक, १९६६ मध्ये सुरू झालेलं. इथे देशोदेशीच्या तरुणी स्वयंसेवक म्हणून येतात, ठरावीक मुदतीसाठी. मुदत संपली की निरोपाचा कार्यक्रम होतो आणि त्या आपल्या देशी परततात. गल्लीतल्या पथकालाही हे जमण्यासारखं आहे. आपल्याकडे एकदा हो म्हटलं की सुटका नाही, ही भीती लोकांना दारातूनच मागे फिरवते. एका वर्षाची जबाबदारी द्या, वर्ष संपताना विचारा. थांबायचं असेल तर सन्मानाने थांबू द्या, तोवर शेजारी दुसरं माणूस तयार असेल असं बघा. बसभाड्याचे, सुतळीचे, फोटोप्रतींचे पैसे त्यांच्या खिशातून जाऊ देऊ नका. आभार मुलांना मानू द्या, त्यांच्याच शब्दांत.

तुमच्या भागात शाळेचं पथक असेल तर मुख्याध्यापकांना भेटा. नसेल, तर जिल्ह्याच्या स्काऊट किंवा गाईड संघटकांना भेटा. शाळेबाहेरचं पथकही काढता येतं, त्याला ओपन युनिट म्हणतात. जाताना एकटे जाऊ नका, शेजारच्या एकाला बरोबर न्या. आणि तिथे गेल्यावर विचारा, या महिन्यात कोणतं काम अडलंय. कदाचित शिबिराला सोबत म्हणून एक बाई हवी असेल. कदाचित नोंदणीचे कागद भरायचे असतील. कदाचित एवढंच, की शनिवारी चार वाजता मैदानाचं कुलूप उघडायला कुणीतरी हवं.