आधी सांधा तपासा, मग डायनमो

मंडळी, मृग तोंडावर आला की आपल्याकडे कोकणात दोन दुकानांत गर्दी होते. एक ताडपत्रीचं, दुसरं बॅटरीचं. ताडपत्रीची गर्दी मला समजते. बॅटरीच्या दुकानातली बरीचशी गर्दी मात्र विनाकारण असते असं माझं मत आहे, आणि बॅटरीवाल्यांचा रोष पत्करून ते आज सांगणार आहे.

नेहमी काय होतं बघा. सकाळी गाडी सेल्फ घेत नाही, नुसतीच टकटक करते. मालक म्हणतो, बॅटरी गेली. नवी आणतो, चार-पाच हजार रुपये जातात. पंधरा दिवसांनी पुन्हा टकटक. मग चालू गाडीत बॅटरी भरणारा अल्टरनेटर, म्हणजे आपला डायनमो, काढून दुरुस्तीला द्यायचा. त्याचे पैसे वेगळे, गाडी दोन दिवस उभी ती वेगळी. शेवटी कुणीतरी खाली वाकून बघतो, तर इंजिनाला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी सांध्यावर गंजलेली. साधा पॉलिश पेपर मारून सुटला असता असा तो दोष. किनाऱ्यावरच्या गाडीत यंत्रावर संशय घेण्याआधी सांध्यावर, म्हणजे वायर जिथे जोडलेली असते त्या जागेवर, घ्यायचा, एवढंच माझं म्हणणं.

घाटावरच्या गाड्यांना हा जाच कमी. आपल्या हवेत मीठ आहे, आणि मीठ हवेतली ओल धरून ठेवतं. टर्मिनल शिशाचं, वायर तांब्याची, बोल्ट लोखंडाचा. वेगवेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मधे खारट ओल, म्हणजे गंजायला आमंत्रणच. हा गंज थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाची धातूची कडी, आणि बोल्टच्या मधे बसतो. वरून बोल्ट कसा चकचकीत दिसतो! त्यातून हौसेने समुद्राच्या पुळणीवर गाडी पळवणारे आहेतच. डायनमोला थंड राहण्यासाठी खिडक्या असतात, खारं पाणी त्यांतून थेट आत जातं. गाडी पुळणीवर नेऊच नका, नेली तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा.

या सांध्याने किती बिघडतं? ओहमचा फक्त शंभरावा भाग अडथळा धरा. त्यातून ५० अँपिअर गेले की अर्धा व्होल्ट तिथेच खलास. सेल्फ मारताना दीडशे अँपिअर जातात, तेव्हा दीड व्होल्ट. आणि हा शंभरावा भाग साध्या मीटरच्या, म्हणजे मल्टीमीटरच्या, ओहमच्या खुणेवर दिसतच नाही, तिथे सगळं उत्तम दाखवतो. पोफळीच्या बागेत पाइप टाकलाय असं समजा. शेवटची तोटी बंद असताना पाइपभर दाब असतो, कुठे कचरा अडकलाय ते समजत नाही. तोटी सोडली की समजतं. विजेचंही तसंच. करंट वाहत असतानाच मोजायचं.

त्यासाठी लागतो दोन-तीनशे रुपयांचा साधा डिजिटल मीटर. त्याचा नॉब डीसी २० व्होल्टवर ठेवा.

सकाळी गाडी चालू करण्याआधी बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर दोन्ही टोकं टेकवा. वायरीच्या क्लॅम्पवर नाही, खुंटांवर. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. उतरलेली बॅटरी आधी चार्जरवर पूर्ण भरून घ्या, उपाशी बॅटरीची परीक्षा घेण्यात अर्थ नाही. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि मीटरकडे बघा. ९.६ च्या खाली कोसळली तर बॅटरी दमलीय. पण सेल्फ टकटक करतोय आणि मीटर निवांत १२ दाखवतोय, तर बॅटरीकडे माल आहे, तो पुढे पोचत नाहीये. हा एक आकडा बघितला तरी नव्या बॅटरीचे पैसे वाचू शकतात.

गाडी चालू झाल्यावर पुन्हा खुंटांवर मोजा. १३.८ ते १४.५ आलं तर डायनमो देतोय. हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळं लावा, थोडी रेस द्या, तरी १३.५ च्या आसपास टिकायला हवं. १५ च्या वर जात असेल तर व्होल्ट आवरणारा रेग्युलेटर गेला, बॅटरी उकळेल. नव्या गाड्यांत मात्र डायनमोला कॉम्प्युटर हुकूम देतो, तिथे मधूनच १२.८ दिसलं म्हणून घाबरू नका. हेडलाइट लावले की बहुधा वर चढतं.

आता समजा बॅटरीवर १२.९ च येतंय. इथे बहुतेकजण डायनमो खोलतात. तुम्ही खोलू नका. इंजिन चालू, सगळे दिवे चालू, आणि मीटरचं लाल टोक डायनमोच्या मागच्या जाड वायरच्या खुंटावर, काळं टोक बॅटरीच्या प्लसवर. दोन्ही टोकं प्लसच्या बाजूला, हे लक्षात ठेवा. इथे ०.३ पेक्षा जास्त आलं तर मधल्या वायरीत, फ्यूजमध्ये किंवा थिंबलमध्ये व्होल्ट गळताहेत. मग तसंच अर्थच्या बाजूला: एक टोक डायनमोच्या अंगावर, कोरा धातू दिसेल तिथे, दुसरं बॅटरीच्या मायनसवर. ०.२ च्या आत हवं. जास्त असेल तर मायनसपासून इंजिनापर्यंत एकेक सांधा मोजत जा, चोर सापडतो. हे करताना गळ्यातला पंचा काढून ठेवा, डायनमो फिरवणारा पट्टा जवळच फिरत असतो. आणि डायनमोच्या त्या जाड खुंटाला चावी बंद असतानाही बॅटरीचे व्होल्ट असतात, तिथे पाना बॉडीला टेकला तर डोळ्यांपुढे काजवे चमकतील.

मीटरही नसेल तर दोन बॅटऱ्या जोडायच्या जंप केबलमधली एक घ्या. तिचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनाच्या कोऱ्या लोखंडाला. गाडीने झटकन सेल्फ घेतला, तर अर्थिंगची पट्टी बदला.

साफ करायचं तर आधी मायनस काढा, लावताना मायनस शेवटी. पांढरी-हिरवी बुरशी खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवा, ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. सुकवा, पॉलिश पेपर मारा, घट्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलीन.

सांधे चोख निघाले आणि डायनमोच्या खुंटावरच व्होल्ट कमी, तेव्हा कुठे डायनमोकडे वळायचं. आधी पट्टा. ढिला किंवा गुळगुळीत झाला असेल तर पावसात किंचाळतो. मग चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा पेटतो का बघा. जुन्या गाड्यांत या दिव्यातूनच डायनमोला पहिला करंट मिळतो. बल्ब उडाला तर चांगला डायनमोही मुका बसू शकतो. दिवा पेटतो आणि गाडी चालू झाल्यावर विझत नाही, पण डायनमोवर लाकडाने हलकं ठोकलं की विझतो, असं असेल तर कार्बन ब्रश, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे कोळशाचे तुकडे, झिजलेत. ब्रश स्वस्त असतात. ‘पूर्ण डायनमोच बदला’ म्हणणाऱ्याला आधी ब्रश उघडून दाखवायला सांगा.

डायनमोतले डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, तपासायला मीटर एसीवर लावा असं मोबाइलवरच्या व्हिडिओत सांगतात. आपले स्वस्त मीटर इथे फसवतात, नॉब एसीवर ठेवून नुसत्या डीसीला टेकवले तरी भलताच आकडा दाखवतात. त्यापेक्षा गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी डायनमोला हात लावून बघा. इंजिन गार आणि डायनमो कोमट, तर डायोड गळतोय आणि बॅटरी रात्रभर पितोय.

जुने मेकॅनिक आणखी एक युक्ती करतात, चालू गाडीत बॅटरीची वायर काढून बघायची. कुणालाही करू देऊ नका. बॅटरी सुटली की डायनमोचे व्होल्ट क्षणभर उसळतात आणि इंजिनाचा कॉम्प्युटर जळू शकतो. त्याच्या किमतीत चार बॅटऱ्या येतील.

चाकरमान्यांची तक्रार वेगळी असते. गाडी गावच्या घरी ठेवून मुंबईला जातात, गणपतीला येतात तेव्हा बॅटरी झोपलेली. यात बिघाड असेलच असं नाही. घड्याळ, अलार्म, कॉम्प्युटर मिळून ५० मिलिअँपिअरपर्यंत घेतात, ते नॉर्मल समजतात. दिवसाला १.२ अँपिअर-तास झाले, म्हणजे ३५ अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याच्या आत संपते. जाताना मायनस काढून ठेवा, फुकटचा उपाय आहे. आणि बॅटरीत पाणी घालायचं तर डिस्टिल्डच. विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर बॅटरी आपोआप उतरायला लागते, आणि पागोळीच्या पाण्यात इथे मीठ असतं.

मघाशी एकांनी चिठ्ठी पाठवली आहे: कोल्हापूरहून येताना रात्री आंबा घाटात लाल दिवा लागला तर काय करायचं? पहिल्यांदा इंजिनाच्या तापमानाचा काटा बघा. बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर असतो. काटा चढत असेल तर पट्टा तुटलाय. रुंद जागा बघून बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि टोचनासाठी फोन लावा. काटा जागेवर असेल तर एसी, ब्लोअर, टेप सगळं बंद, फक्त हेडलाइट ठेवा. पेट्रोल गाडी आणि दिवे मिळून वीस-पंचवीस अँपिअर खातात, भरलेल्या बॅटरीवर तासभर चालाल. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडायची नाही, ब्रेक दगड होतात. आणि मधे चहाला थांबलात तरी इंजिन चालूच ठेवा, पुन्हा सेल्फ मारण्याइतकी शक्ती उरलेली नसेल. साखरप्याला उतरलात की उजेडाची जागा बघून तिथेच मुक्काम करा, रत्नागिरी सकाळी गाठता येईल.