‘पण’ आणि ‘कुत्रा’ यांच्यामधला र

(पडदा काळा. फक्त आवाज : ‘पेरो’. क्षणभर शांतता. ‘पेर्रो’.)

दोन स्पॅनिश शब्द. पहिल्याचा अर्थ ‘पण’. दुसऱ्याचा ‘कुत्रा’. पहिल्यात जिभेचं टोक दातांमागच्या हिरडीला एकदा टेकतं आणि सुटतं. दुसऱ्यात ते दोन-तीनदा फडफडतं. एवढाच काय तो फरक.

पुण्यात स्पॅनिशच्या वर्गात पहिल्याच महिन्यात मी सगळ्यांना सांगून टाकलं होतं, की आमच्या घरी एक ‘पण’ आहे आणि तो रात्रभर भुंकतो. पण असावा तर भीष्माच्या घरी. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, “आधी ऐकत जा गं. तोंडाचं नंतर बघू.”

ऐकायला माझी ना नव्हती. पण कुणाचं ऐकायचं?

(वहीचं पान. निळी शाई, कडेला चहाचा डाग.)

ही माझी तेव्हाची वही. शब्द स्पॅनिश, उच्चार देवनागरीत. आपल्या लिपीवर आपला भारी विश्वास. एकदा लिहून ठेवलं की उच्चार पक्का! इथे लिहिलंय ‘थेर्बेथा’, म्हणजे बिअर. आता हा थ वाचून बघा. ‘थाळी’तला थ निघतो. माद्रिदमधल्या माणसाचा थ तसा नाही. त्याच्या जिभेचं टोक वरच्या-खालच्या दातांमधून किंचित डोकावतं आणि फटीतून हवा सळसळत जाते. खाली ‘हामोन’ लिहून खोडलंय, त्यावर ‘खामोन’ लिहिलंय, तेही खोडलंय. डुकराच्या मांसाचा हा प्रकार स्पेनमध्ये घशात खरवडत उच्चारतात, क्यूबात मात्र जवळजवळ आपल्या ह सारखा. वही तरी काय करणार?

एका बाबतीत मात्र आपलं नशीब चांगलं. इंग्रजी बोलणाऱ्यांना प, त, क हे हवेचा फुगारा न सोडता म्हणायला महिने लागतात. आपल्याला ते आईच्या दुधाबरोबर मिळालेले. आणि आपण काय करतो? हे शब्द इंग्रजीच्या दारातून आत घेतो आणि ‘टाको’, ‘मॅड्रिड’ म्हणतो. ते ‘ताको’ आहे. ते ‘माद्रिद’ आहे, आणि त्यातला शेवटचा द बऱ्याचदा ऐकूही येत नाही.

(फोनचा पडदा. एका बुटाचं चित्र.)

मग फोनवर एक ॲप घेतलं. पहिल्या धड्यात बाईचा आवाज म्हणाला, ‘सापातो’. म्हणजे बूट. चौथ्या धड्यात पुरुषाचा आवाज म्हणाला, ‘थापातो’. कोण कुठलं, कुठेही लिहिलेलं नाही. मी आठवडाभर समजत होते, की दोघांपैकी एक चुकतोय.

चुकत कुणीच नव्हतं. स्पेनच्या मध्य आणि उत्तर भागात तो थ. कॅनरी बेटांवर आणि मेक्सिकोपासून चिलेपर्यंत स. स्पॅनिश मातृभाषा असलेले लोक जगात 50 कोटींच्या आसपास, आणि त्यांतले बहुतेक स वाले. दिल्लीत 2009 साली उघडलेल्या ‘इन्स्तितुतो सेर्वान्तेस’ या स्पॅनिश शिकवणाऱ्या संस्थेचं नावही माद्रिदचा माणूस ‘थेर्बान्तेस’ असं घेतो.

(जुनी तबकडी फिरते आहे. खरखर.)

‘बरोबर उच्चार कोणता’ यावर एका माणसानं अख्खं आयुष्य घातलं. स्पेनचा भाषाशास्त्रज्ञ तोमास नावार्रो तोमास. 1918 साली त्यानं स्पॅनिश उच्चारांची हस्तपुस्तिका लिहिली. त्याची कसोटी साधी होती : उच्चार गावंढळ नको आणि नटवाही नको. ही कसोटी अर्थातच मध्य स्पेनमधल्या कास्तीलियाच्या सुशिक्षित माणसाच्या तोंडाची होती. पण तो पुस्तकावर थांबला नाही. 1931 पासून माद्रिदमध्ये त्यानं ‘शब्दांचं संग्रहालय’ उभं करायला घेतलं आणि लेखक-शास्त्रज्ञांना ध्वनिमुद्रणासाठी बसवलं. लेखक उनामुनो बोलले. कवी हुआन रामोन हिमेनेस बोलले. नोबेल मिळवलेले, मेंदूतल्या पेशींचा अभ्यास करणारे रामोन इ काखाल बोलले, तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते.

त्याच वर्षांत त्याची माणसं खेडोपाडी हिंडून शेतकऱ्यांचे उच्चार वह्यांमध्ये टिपत होती. 1936 ला यादवी पेटली. नावार्रो तोमास देशोधडीला लागला, पण त्या वह्या त्यानं बरोबर अमेरिकेत नेल्या. 1951 मध्ये त्या स्पेनला परत आल्या. ज्यानं ‘शुद्ध’ उच्चाराचं पुस्तक लिहिलं, त्यानं खेडुतांच्या उच्चारांच्या वह्या समुद्रापार सांभाळल्या. मला हा माणूस त्याच्या पुस्तकापेक्षा त्या वह्यांसाठी जास्त आवडतो. कोण बोलतोय, कुठला आहे, हे टिपल्याशिवाय आवाजाला काही अर्थ नाही, हे त्याला कळलं होतं. माझ्या ॲपला ते कळलं नव्हतं.

(संगणकाचा पडदा. जगाचा नकाशा, त्यावर ठिपके.)

म्हणून मी आता कुठलंही साधन उघडलं की पहिल्यांदा तेच शोधते. स्पेनमधल्या सान सेबास्तियानमध्ये 2008 साली सुरू झालेलं ‘फोर्वो’ हे संकेतस्थळ यात सरस. शब्द टाका, तो म्हणणाऱ्या खऱ्या माणसांची यादी येते, प्रत्येकापुढे देश लिहिलेला. कुणाच्या मागे पंखा घरघरतोय, कुणाचा माइक फुटका. चालतंय की! ‘काये’ म्हणजे रस्ता, हा शब्द मेक्सिकोच्या माणसाकडून ऐका आणि मग ब्युनोस आयरिसच्या. तिथे तो ‘काशे’ होतो. ‘माझं नाव अमुक’ म्हणताना माद्रिदची मुलगी ‘यो मे यामो’ म्हणते आणि ब्युनोस आयरिसची ‘शो मे शामो’.

यंत्राच्या आवाजाला मी नावं ठेवत नाही. पूर्वीसारखा तो आता डबक्यातून बोलल्यासारखा येत नाही. फक्त फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन स्पॅनिश कुठलं निवडलंय ते बघा. स्पेन निवडलं की ‘थेर्बेथा’, मेक्सिको निवडलं की ‘सेर्बेसा’. आणि यंत्र विश्वासाचं आहे का हे पाहायचं असेल तर त्याला एक गाय आणि एक टप द्या. गाय म्हणजे ‘वाका’, v नं लिहितात. गाडीच्या टपावरचं सामान ठेवायचं कॅरिअर म्हणजे ‘बाका’, b नं लिहितात. स्पॅनिशमध्ये दोन्हींचा उच्चार तंतोतंत एक, ‘बाका’. गायीला जो ‘वाका’ म्हणेल, त्यानं इंग्रजी चष्मा लावलाय.

आघाताचंही असंच. ‘पापा’तल्या पहिल्या अक्षरावर जोर दिला तर लॅटिन अमेरिकेत तो बटाटा. दुसऱ्यावर दिला तर बाबा. मराठीत जोरावर अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान तिकडे लक्षच देत नाही. मी एका ईमेलमध्ये नव्हे, चक्क फोनवर, ‘माझा बटाटा बँकेत आहे’ असं सांगितलेलं आहे.

सुटा शब्द कितीही ऐकला तरी माणसं सुटे शब्द बोलत नाहीत. ‘कोमो एस्ता उस्तेद’ हे बाजारात ‘कोमोएस्ताउस्ते’ असं एका दमात येतं. त्यासाठी ‘यूग्लिश’ आहे. शब्द टाकला की यूट्यूबवरच्या व्हिडिओंमधला तो शब्द उच्चारला जातो नेमका तो क्षण समोर येतो. आणि जरा तयारी झाली की ‘रेडिओ अंबुलांते’ हा पॉडकास्ट. लॅटिन अमेरिकेतल्या खऱ्या गोष्टी तिथल्याच माणसांच्या आवाजात, आणि प्रत्येक भागाची लिखित संहिता उपलब्ध. आधी ऐकायचं, मग वाचायचं. उलट केलं की डोळे कानाला बोलूच देत नाहीत.

(ध्वनिलहरींची काळी-करडी पट्टी.)

हे ‘प्रात’ नावाचं सॉफ्टवेअर. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी बनवलेलं, फुकट मिळणारं. दिसायला रुक्ष, पण आवाज डोळ्यांना दिसतो. हा बघा फोर्वोवरचा एका स्पॅनिश बाईचा ‘पेरो’. दोन स्वरांच्या मध्ये एक बारीक खाच. जीभ टेकली ती ही वेळ, सेकंदाचा साधारण पन्नासावा भाग. आता तिचाच ‘पेर्रो’. एक, दोन, तीन खाचा.

आणि हा माझा ‘पेर्रो’. एक खाच. पुन्हा म्हटला. एक खाच. जोर लावला, तर र च्या जागी नुसता घोगरा आवाज. तीन आठवडे रोज रात्री हेच. खाच एक, कुत्रा नाही.

एका रविवारी ताई भाच्याला घेऊन आली होती. लॅपटॉप टेबलावर उघडाच, ध्वनिमुद्रण चालू राहिलेलं. आई त्याला वरणभात भरवत होती. रात्री मी ते पुसायला घेतलं आणि सहज पट्टीवर नजर गेली. भाच्याचं रडणं, चमच्याचा आवाज, मग आईचा आवाज : “हा घास चिऊचा... आणि चिऊ उडाली, भुर्रर्र!”

खाचा मोजल्या. सहा.

(पट्टी गोठते. मागे आईचा आवाज, पुन्हा एकदा : ‘भुर्रर्र’. मग निवेदिकेचा, हळू : ‘भुर्र... पेर्र... पेर्रो.’ पडदा काळा.)