तटावरून उडी

मित्रहो, वसंतदादा पाटलांविषयी बोलताना लोक मुख्यमंत्रिपदापासून सुरुवात करतात. मी 24 जुलै 1943 पासून करतो.

सांगलीचा तुरुंग गणेशदुर्ग किल्ल्यातच. आत बेचाळीसच्या चळवळीतले कैदी, बाहेर पावसाळ्यातली कृष्णा. त्या दिवशी दादा आणि त्यांच्या सोबत्यांनी पहारेकऱ्यांवर झडप घातली, बंदुका हिसकावल्या आणि तटावरून खाली उड्या टाकल्या. मागून पोलीस लागले, गोळीबार झाला. दादांच्या खांद्याला गोळी लागली, ते पकडले गेले. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव मात्र जिवानिशी गेले. ही दोन नावं मी मुद्दाम सावकाश घेतो. सांगलीबाहेर ती फार कुणाला ठाऊक नसतात.

दादा पद्माळ्याचे. आईवडील लहानपणीच गेले, आजीनं वाढवलं, शिक्षण जेमतेम सातवीपर्यंत. स्वातंत्र्यानंतर 1952 साली ते आमदार झाले, पण मंत्रिपद घेतलं ते थेट 1972 मध्ये. मधली वीस वर्षं? पक्षाचं काम आणि सहकार. माझ्या मते दादांचं खरं राजकारण तिथंच घडलं.

बघा, भूमिगताला भाकरी देणारा शेतकरी काय पणाला लावतो? घरदार. आणि सांगलीच्या शेतकरी सहकारी साखर कारखान्याचा शेअर घेणारा? तोही तेच. यंत्रं अजून यायचीत, ऊस अजून गाळायचाय आणि पैसे मात्र आज मोजायचे! हा भरवसा भाषणांनी मिळत नाही. ज्याच्या अंगावर गोळीचा व्रण आहे त्याला गाव तो देतं, कारण हा माणूस मागं हटणार नाही हे त्यानं एकदा पाहिलेलं असतं.

मुख्यमंत्री ते पहिल्यांदा 1977 साली झाले. 1978 च्या जुलैत शरद पवार आमदार घेऊन बाहेर पडले आणि सरकार कोसळलं. तो इतिहास तुम्हाला पाठ आहे, त्यात मी वेळ घालवत नाही. मला 1983 महत्त्वाचं वाटतं. तोवर आपली पोरं इंजिनिअरिंगसाठी कर्नाटकात जायची, तिथं देणग्या भरायची. दादांनी विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली. पुढं त्या फीनं गरिबाचं पोर दाराबाहेरच राहिलं, ही टीका खरी आहे आणि मला ती बोचते. तरीही सातवी शिकलेल्या माणसानं खेड्यातल्या हजारो पोरांना इंजिनिअर होण्याची वाट दाखवली, हेही तितकंच खरं. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही त्यांचीच हाक. दुष्काळी पट्ट्यातल्या माणसाला ती समजावून सांगावी लागली नाही.

1985 मध्ये प्रदेशाध्यक्षाची नेमणूक त्यांना न विचारता दिल्लीनं केली. दादांनी मुख्यमंत्रिपद सोडलं. पुढं राजस्थानचे राज्यपाल झाले, पण तिथंही मुदत पुरी होण्याआधीच राजीनामा देऊन परतले. 1 मार्च 1989 ला ते गेले.

त्यांचं नाव आज कारखान्याला आहे, मांजरीच्या साखर संस्थेला आहे. पत्रावळे आणि जाधव यांनीही तीच उडी घेतली होती. ते वाचले असते तर 1952 च्या निवडणुकीत सांगलीतून कोण कोण उभं राहिलं असतं, हे मी त्या तटाखालून जाताना दर वेळी मनाशी मोजत असतो.