नोंदवहीतून निसटणारे रुग्ण

श्रोतेहो, नमस्कार.

क्षयरोगाच्या नोंदवहीत रुग्णाच्या नावापुढे पत्त्याचा रकाना असतो. पुलाखाली झोपणाऱ्या माणसाने तिथे काय सांगायचं? कामामागे फिरणाऱ्या कुटुंबाने? पुढच्या आठवड्यात तुरुंगातून सुटणाऱ्या कैद्याने? आज मी बोलणार आहे ते या माणसांबद्दल, कारण टीबीवरची देखरेख कमी पडते ती नेमकी इथे.

जगातल्या साधारण एक चतुर्थांश लोकांना क्षयाच्या जंतूंचा संसर्ग झालेला असतो. त्यांतले पाच ते दहा टक्केच आयुष्यात कधीतरी आजारी पडतात. कोण पडणार, हे बऱ्याच अंशी जगण्यावर ठरतं. दाटीवाटीची, वारा न खेळणारी जागा, अर्धपोटी शरीर, एचआयव्ही, मधुमेह, दारू, तंबाखू. एकाच माणसाच्या वाट्याला यातलं बरंच काही एकदम येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली १ कोटी ८ लाख लोकांना टीबी झाला. नव्याने निदान होऊन नोंद झाली ती ८२ लाखांची. उरलेले पंचवीस लाखांहून अधिक लोक कुठे आहेत, हा माझ्या मते या कामातला पहिला प्रश्न आहे.

दवाखान्यात बसून वाट पाहिली तर ते सापडत नाहीत. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं ही लक्षणं आपण ऐकून आहोत. पण घरोघरच्या पाहण्यांमध्ये सापडलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना अशी लक्षणं जाणवतच नव्हती. म्हणून एक्स-रे माणसांपर्यंत न्यावा लागतो. लंडनमध्ये २००५ पासून एक्स-रेची गाडी बेघरांच्या निवाऱ्यांपर्यंत जाते. एक्स-रेत शंका आली तर थुंकीचा नमुना. आणि इथे घाई नको, तोंडातली लाळ चालत नाही, छातीतून खोकून काढलेला बेडकाच हवा. यंत्रावरची जनुकीय तपासणी दोन तासांत निकाल देते, रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का तेही कळतं. जो माणूस उद्या त्या जागी नसेल, त्याच्यासाठी हे दोन तास फार मोलाचे.

खरी कसोटी पुढे आहे. नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा: दोन महिने चार औषधं, मग चार महिने दोन. काही आठवड्यांत खोकला कमी होतो, भूक लागते, अंगात जोर येतो आणि माणूस कामावर जातो, गोळ्या मधेच सुटतात. जायलाच हवं त्याला. टीबीग्रस्त कुटुंबांपैकी जवळपास निम्म्यांचा या आजारापायी, बुडालेली मजुरी धरून, वर्षाच्या उत्पन्नाच्या वीस टक्क्यांहून जास्त खर्च होतो. त्याला बेजबाबदार म्हणण्याआधी दवाखाना संध्याकाळी उघडा असतो का, ते बघावं. रोज दवाखान्यात येण्याऐवजी गोळी घेतानाचा व्हिडिओ फोनवरून पाठवण्याची सोय आता अनेक ठिकाणी आहे. कैद्याच्या बाबतीत तर सुटकेच्या आधीच बाहेरच्या केंद्राला कळवायला हवं आणि गोळ्या त्याच्या हातात द्यायला हव्यात. कागद मागाहून आले, तर माणूस तोवर हरवलेला असतो.

आकडे वाचताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. औषधांना दाद देणाऱ्या टीबीत उपचारांचं यश जगभरात ८८ टक्के आहे. चांगला आकडा आहे, पण या सरासरीत बेघर किंवा स्थलांतरित वेगळे दिसत नाहीत. त्यांची ओळ वेगळी काढावी लागते. दुसरं म्हणजे, शोधमोहीम सुरू झाली की रुग्णसंख्या वाढते. ते अपयश मानून मोहीम थांबवणं याहून मोठा घात नाही.

आणि ही माहिती आरोग्य खात्याबाहेर जाता कामा नये. कागदपत्रं नसलेल्या मजुराला पोलिसांची धास्ती वाटली, तर तो तपासणीलाच येणार नाही. नोंदी कमी होतील, आजार तिथेच राहील.

रुग्णाच्या संपर्कातल्यांची चौकशी करताना ‘घरात कोण कोण आहे?’ एवढं विचारून भागत नाही. रात्री शेजारी कोण झोपतं, काम कोणाबरोबर करता, हे मायेने विचारावं. त्या लोकांना टीबीचा आजार नाही याची खात्री झाली, की प्रतिबंधक औषध देता येतं. त्यातला एक उपचार आठवड्यातून एकदा, असा बारा आठवड्यांचा आहे. सतत जागा बदलणाऱ्यालाही तो पुरा करता येण्यासारखा आहे.

नमस्कार.