स्वस्त जिमचा विस्तार आणि न येणारा सभासद

श्रोतेहो, नमस्कार.

सांगलीत विश्रामबागच्या शंभर फुटी रस्त्याने गेले, की दुसऱ्या मजल्यावरच्या काचेमागे ओळीने मांडलेल्या ट्रेडमिल दिसतात आणि खालच्या पाटीवर व्यायामप्रकारांच्या नावांपेक्षा फीचा आकडा मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो. कमी फी, एकाच नावाच्या अनेक शाखा आणि सगळीकडे तीच यंत्रे, हा व्यवसाय जगभर कसा वाढला आणि त्यातले आपल्या जिल्ह्याने काय घ्यावे, याविषयी आज बोलायचे आहे.

अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातल्या डोव्हर या छोट्या गावात १९९२ साली मायकेल आणि मार्क ग्रोनडाल या भावांनी प्लॅनेट फिटनेस सुरू केले. त्यांनी फी महिना दहा डॉलरपर्यंत खाली आणली आणि जड वजने उचलणाऱ्या पैलवानी गिऱ्हाइकापेक्षा कधीही जिमची पायरी न चढलेल्या माणसाकडे लक्ष वळवले. वजने आपटणाऱ्या किंवा मोठ्याने हुंकार देणाऱ्या सभासदासाठी तिथे भोंगा वाजवला जातो. नवख्या माणसाला बुजल्यासारखे होऊ नये हा त्यामागचा सांगितलेला हेतू आहे आणि तो खराही आहे. पण रोज दोन तास घाम गाळणारा माणूस यंत्रे झिजवतो आणि जागा अडवतो, हा हिशेबही त्यात आहेच. २००३ पासून कंपनीने फ्रँचायझी दिल्या, २०१५ मध्ये ती शेअर बाजारात आली आणि आज तिच्या अडीच हजारांहून अधिक शाखा आहेत. नव्या सभासदांसाठी मूळ दहा डॉलरची फी पंधरा डॉलर झाली ती थेट २०२४ मध्ये.

इतक्या कमी पैशांत भाडे, वीज आणि यंत्रांचे हप्ते कसे भागतात? अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओने २०१४ च्या अखेरीस या कंपनीचा जो हिशेब मांडला, त्यात एका शाखेचे सरासरी सभासद साडेसहा हजार होते आणि बहुतेक शाखांत एका वेळी मावणारी माणसे सुमारे तीनशे. सगळे सभासद रोज आले तर दार उघडणेही अवघड होईल. म्हणजे जो नियमित येतो, त्याच्या व्यायामाचा मोठा खर्च न येणारा सभासद उचलत असतो.

हे फक्त स्वस्त जिमपुरते नाही. देल्लाविन्या आणि माल्मेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील तीन हेल्थ क्लबांच्या हजेरीच्या नोंदी तपासल्या. महिन्याला सत्तर डॉलरहून अधिक भरणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच येत होते. दर खेपेला त्यांना सतरा डॉलरहून जास्त पडत होते, आणि त्याच क्लबात दहा खेपांचा पास घेतला असता तर खेपेला दहाच डॉलर पडले असते. माणूस फी भरताना आजच्या स्वतःचा विचार करत नाही, उद्यापासून पहाटे उठणाऱ्या स्वतःचा करतो. या भाबड्या विश्वासावर कुणी नफा कमवावा याचे मला मनापासून वाईट वाटते.

ब्रिटनमधील वाढ मला अधिक शिकण्यासारखी वाटते. तिथे वर्षावर्षाच्या कराराने सभासदाला बांधून ठेवण्याची रीत होती. जॉन ट्रेहार्न यांच्या द जिम ग्रुपने २००८ मध्ये लंडनच्या हाउन्स्लो भागात पहिली शाखा उघडली, पुढच्या वर्षी प्युअरजिम आले, आणि दोघांनीही करारच काढून टाकला. पोहण्याचा तलाव नाही, वाफेची खोली नाही, उपाहारगृह नाही. सांकेतिक क्रमांक दाबून दार उघडायचे, चोवीस तास केव्हाही यायचे आणि नको वाटले तर पुढच्या महिन्यापासून पैसे थांबवायचे. मंदीमुळे रिकाम्या पडलेल्या जागा त्या काळात स्वस्त भाड्याने मिळाल्या, हेही त्यांच्या पथ्यावर पडले. आपले जवळपास एक तृतीयांश सभासद याआधी कुठल्याच जिमचे सभासद नव्हते, असे द जिम ग्रुपने सांगितले आहे. सभासद केव्हाही जाऊ शकतो, म्हणून बिघडलेले यंत्र तातडीने दुरुस्त करावे लागते. कमी फीपेक्षाही ही सोडून जाण्याची मुभा मला मोलाची वाटते.

आपल्याकडे नेमकी हीच गोष्ट मागे पडली. वर्षाची फी एकरकमी घ्यायची आणि ‘आज भरलेत तर निम्म्यात’ असे सांगायचे, हा आपला शिरस्ता झाला. ही रक्कम हातात आली की तिच्यातून पुढची शाखा उघडण्याचा मोह होतो. मग नव्या सभासदांचा ओघ जरा आटला, की जुन्या सभासदांना द्यायची सेवा शिल्लक आणि पैसे मात्र संपलेले, अशी स्थिती येते. १९३२ साली मुंबईत आपली पहिली व्यायामशाळा काढणाऱ्या तळवलकर घराण्याचे नाव लावणारी कंपनी २०१० मध्ये शेअर बाजारात आली आणि देशभर पसरली. २०१९ मध्ये तिच्या कर्जरोख्यांवरचे व्याज थकले आणि पाठोपाठ शाखा बंद पडत गेल्या. तिच्या अडचणीची कारणे अनेक असतील, पण आगाऊ फी भरलेल्या सभासदांच्या हाती अशा वेळी फक्त पावती उरते.

सांगलीला व्यायाम नवा नाही. कवठेपिरानचे मारुती माने यांनी १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले आणि १९६४ मध्ये ते हिंदकेसरी झाले. ते ज्या तालमीच्या परंपरेतून आले, तिथे तेल, ताक, हळद, लिंबू आणि काव घालून मळलेली माती असते आणि फी नाममात्र असते. पण मुलगा दोन दिवस आखाड्यात दिसला नाही, तर वस्ताद त्याच्या घरी निरोप धाडतात. मुली आणि मध्यमवयीन माणसे तालमीच्या दारापर्यंत सहसा पोहोचली नाहीत, ही तिची मर्यादा होती आणि तीच जागा जिमने भरली, हे मान्य करायला हवे. मात्र गैरहजेरीची विचारपूस करण्याची रीत जिमच्या मालकांनी तालमीकडून जरूर घ्यावी. हजेरीचे यंत्र प्रत्येक दारावर आहे. आठ दिवस न आलेल्यांची यादी काढून फोन करायला ट्रेनरला अर्धा तास पुरेल.

मासिक फी आता अवघडही राहिलेली नाही. २०२० पासून यूपीआयवर ऑटोपेची सोय आहे, त्यामुळे महिन्याची रक्कम आपोआप जमा होते आणि सभासदाला ती मोबाइलवरूनच थांबवता येते. सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या सेवेवरचा जीएसटीही अठरावरून पाच टक्क्यांवर आला आहे. जीएसटीची नोंदणी असलेल्या जिममध्ये फी भरताना पावतीवर कोणता दर लावला आहे, हे जरूर पाहावे.

आगाऊ फी भरलेली असताना जिम बंद झाली, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. त्यासाठी पावती, जाहिरातीचा फोटो आणि व्हॉट्सॲपवर झालेले बोलणे जपून ठेवावे, आणि फी भरण्याआधी संध्याकाळी सातच्या गर्दीत एकदा तिथे जाऊन किती यंत्रे चालू आहेत ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहून यावे.

नमस्कार.