ऑक्सिजनचा उतार

कॅन्सरचं रेडिएशन संपून पाच-सात वर्षं झालेली असतात, वर्षावर्षाच्या तपासण्या स्वच्छ आलेल्या असतात आणि एक दिवस लघवीतून रक्त जातं. आजार उलटला, हाच विचार आधी मनात येतो. दुर्बिणीतून पाहिलं तर गाठ कुठेच नसते. दिसतं ते मूत्राशयाचं फिकं पडलेलं, जरा धक्का लागला तरी रक्त सोडणारं अस्तर. प्रोस्टेटला किंवा गर्भाशयमुखाला किरण दिले तेव्हा मूत्राशय आणि गुदाशय शेजारीच होते. मार त्यांनाही बसला होता, फक्त त्याची पावती आत्ता आली. अशा उशिरा आलेल्या त्रासावर बंद खोलीत, वाढवलेल्या दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन देतात. त्या उपचाराबद्दल मला बोलायचंय.

रेडिएशन चालू असताना तोंड येतं, कातडी सोलवटते, जुलाब होतात. तो त्रास बहुतेक वेळा काही आठवड्यांत ओसरतो. मी बोलतोय तो त्रास वेगळ्या जातीचा आहे. त्यात बारीक रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर हळूहळू जाड होतं, वाट अरुंद होत जाते, शेवटी बंद पडते. त्या भागातल्या पेशी घटतात आणि मऊ ऊतींच्या जागी कडक, चिवट वण येतो. रॉबर्ट मार्क्स या जबड्याच्या शल्यचिकित्सकाने १९८३ मध्ये याची मांडणी तीन शब्दांत केली : रक्तवाहिन्या कमी, पेशी कमी, ऑक्सिजन कमी. असा जबडा एरवी गप्प असतो. मग एखादा दात काढला जातो, जखम भरत नाही आणि हाड उघडं पडतं.

मला यात सर्वांत कुतूहलाचा वाटणारा प्रश्न असा : शरीर ही जागा स्वतः दुरुस्त का करत नाही? साधी जखम घ्या. तिच्या मधोमध ऑक्सिजन जवळजवळ नसतो आणि काही मिलिमीटरवर, निरोगी कडेला, तो भरपूर असतो. हा उतार तीव्र असतो. जखमेतल्या पांढऱ्या पेशी तोच ओळखतात आणि नव्या रक्तवाहिन्यांना बोलावणं धाडतात. किरण लागलेल्या भागात मात्र ऑक्सिजन कडेपासून मध्यापर्यंत सावकाश कमी होत जातो. कडा अशी नसतेच. उपासमार आहे, पण हाकाटी नाही.

मग नाकाला मास्क लावून ऑक्सिजन का देऊ नये? कारण रक्तातलं हिमोग्लोबिन साध्या हवेतही जवळजवळ भरलेलंच असतं. भरल्या घागरीत आणखी काय ओतणार? वाढवता येतो तो रक्तद्रवात विरघळलेला ऑक्सिजन, आणि वायू द्रवात किती विरघळेल हे दाबावर ठरतं. साधी हवा घेताना १०० मिलिलिटर रक्तात असा विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम ०.३ मिलिलिटर असतो. तीन वातावरणांच्या, म्हणजे नेहमीच्या हवेच्या तिप्पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतला की तो ६ मिलिलिटरच्या आसपास जातो. ॲमस्टरडॅममध्ये शल्यचिकित्सक बुरेमा यांनी १९६० मध्ये डुकरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी जवळपास सगळ्या काढून टाकल्या आणि त्यांना दाबाच्या खोलीत जिवंत ठेवून दाखवलं.

या दाबाखाली निरोगी कडेचा ऑक्सिजन एकदम उंच जातो, मध्यभाग मागेच राहतो आणि नसलेला उतार तयार होतो. मार्क्स यांनी किरण दिलेल्या सशांवर हे तपासलं. साध्या दाबाच्या शुद्ध ऑक्सिजनने काही साधलं नाही. दाबाखाली दिलेल्या ऑक्सिजनने रक्तवाहिन्यांची दाटी आठ-नऊ पट झाली. म्हणून इथे नुसत्या ऑक्सिजनला औषध म्हणता येत नाही. दाबही औषधच आहे.

रुग्णाच्या बाजूने हे कसं असतं? दोन ते अडीच वातावरणांचा दाब, म्हणजे पाण्याखाली दहा ते पंधरा मीटर गेल्यासारखं. एका बैठकीला साधारण दीड तास, आठवड्यातून पाच दिवस, एकूण तीस ते चाळीस बैठका. दाब चढताना कानाला दडे बसतात, विमान उतरताना बसतात तसे. नाक दाबून फुंकायचं किंवा आवंढा गिळायचा. काहींना काही आठवडे लांबचं धूसर दिसतं, नंतर ते बहुधा पूर्ववत होतं. आकडी (फिट) येण्याचा धोका फार कमी, पण खरा असतो, म्हणून मधेमधे काही मिनिटं साधी हवा देतात. छातीत हवा साठून फुप्फुस दबलेलं असेल आणि त्यावर उपचार झालेला नसेल, तर आत जायचंच नाही. कपडे सुती, अंगाला तेल-क्रीम नाही, मोबाइल बाहेर. शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठिणगी म्हणजे काय, हे सांगायला नको.

इथवर गोष्ट फार देखणी आहे आणि मला तिचीच धास्ती वाटते. कारण पटलं की परिणामही आपण गृहीत धरतो. मार्क्स यांच्याच १९८५ च्या चाचणीत दात काढण्याआधी पेनिसिलिन दिलेल्या ३७ पैकी ११ जणांचं हाड सडलं, ऑक्सिजन दिलेल्या ३७ पैकी फक्त २ जणांचं. पुढची कित्येक वर्षं अनेक डॉक्टर या आकड्यांवर विसंबले. मग ब्रिटनमधल्या होपॉन चाचणीचे निकाल २०१९ मध्ये आले : सहा महिन्यांनी ऑक्सिजन घेतलेल्यांत हे प्रमाण ६.४ टक्के, न घेतलेल्यांत ५.७. फरक नाही. शिवाय दोन्ही गटांत धोका जुन्या आकड्यांपेक्षा कितीतरी कमी.

आतड्याच्या बाबतीत तर दोन चाचण्या समोरासमोर उभ्या आहेत. २००८ मध्ये १२० रुग्णांच्या चाचणीत गुदाशयाच्या हट्टी दाहात फायदा दिसला. २०१६ मध्ये ८४ रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीत, जिथे तुलनेच्या गटालाही थोडा दाब देऊन चेंबरमध्ये बसवलं होतं, तो दिसला नाही. स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारानंतर येणाऱ्या हाताच्या सुजेवरही हाती काही लागलं नाही.

मूत्राशयाचं चित्र त्यातल्या त्यात उजळ आहे. पाच नॉर्डिक रुग्णालयांतल्या रिच-आर्ट चाचणीत लघवीच्या तक्रारी ऑक्सिजनच्या गटात स्पष्टपणे जास्त कमी झाल्या. तिथे लटका उपचार घेणारा गट नव्हता, हे खरं. तरी रक्तस्राव थांबत नसलेल्या रुग्णापुढे मी हा पर्याय नक्की ठेवेन. दात काढणार म्हणून सरसकट तीस बैठकांना मात्र पाठवणार नाही. आणि माणसाच्या दिवसांचाही हिशेब करावा लागतो. स्तनाच्या कॅन्सरनंतरच्या त्रासासाठी नेदरलँड्समध्ये झालेल्या चाचणीत हा उपचार देऊ केलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम पाव जणींनीच तो स्वीकारून पुरा केला. रोज दीड तास पेटीत बसायचं आणि जाण्या-येण्यात वेळ घालवायचा, हे ऐकूनच बाकीच्यांनी नको म्हटलं तर त्यांचं काय चुकलं?

एका श्रोत्याने चिठ्ठीवर विचारलंय : इतका ऑक्सिजन दिला तर उरलासुरला कॅन्सर फोफावणार नाही का? भीती साहजिक आहे, पण आजवरच्या अभ्यासांत तसा पुरावा दिसलेला नाही. इतिहास तर उलटाच आहे. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात चर्चिल-डेव्हिडसन यांनी १९५५ मध्ये कॅन्सरच्या रुग्णांना दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ठेवूनच किरण दिले होते. ऑक्सिजन कमी असलेली गाठ किरणांना दाद देत नाही, म्हणून ती आधी ऑक्सिजनने भरायची आणि मग मारायची.